कूलर काम करेल का, हे दोन थर्मामीटरवर घरीच कसं बघायचं

मोबाईलवर ह्युमिडिटी ८०% दिसली की लोक म्हणतात आज हवेत खूप पाणी आहे, पण तो आकडा एकटा काहीच सांगत नाही, सोबत तापमान बघावंच लागतं. कारण हा टक्का म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावू शकते, त्यातली किती भरली आहे ते. २०° ला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, ३०° ला ३० आणि ४०° ला थेट ५१ ग्रॅम. म्हणजे पहाटे २५° ला ८०% असेल आणि दुपारी पारा ३५° वर गेला तर वाफ साधारण तेवढीच असूनही आकडा ४६-४७% वर येतो, पाणी कुठेही गेलेलं नसतं.

आता कूलरचं. कूलर पाणी वाळवून हवा गार करतो, ओलं कापड गुंडाळलेला थर्मामीटरही तसाच गार होतो, म्हणून त्यावरून अंदाज येतो. भिंतीवर लावायचे साधे दोन थर्मामीटर घ्या (तापाचा नको), आधी दोघं सारखंच दाखवतायत ना ते बघून घ्या. एकाच्या खालच्या फुग्याला जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा गुंडाळा, त्याचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा, पाणी माठातलं-फ्रीजमधलं नको, साधं. दोघांना खिडकीपाशी सावलीत ठेवा, कारण कूलर बाहेरचीच हवा ओढतो, आणि पंख्याचा झोत सोडून दहा मिनिटं थांबा. ओल्याचा पारा खाली उतरत जातो आणि एका जागी थांबतो, तोच वाचायचा.

दोघांतला फरक १० च्या वर असेल तर बिनधास्त कूलर लावा, ५ च्या आत असेल तर पैसे वाचवा. नागपूरला मे महिन्यात ४२° आणि २०% असताना ओला थर्मामीटर २४ च्या आसपास येतो, चांगला कूलर या फरकाचा पाऊण हिस्सा तरी खाली आणतो म्हणजे झोत २८-२९° चा मिळतो, जीव निवतो अगदी! मुंबईत ३३° आणि ७०% ला ओला २८ वरच अडतो, मग कूलर जेमतेम तीन-चार डिग्री उतरवणार आणि वर खोलीत दमटपणा भरणार, घाम वाळणारच नाही. तिथे नुसता पंखा बरा.

विदर्भातसुद्धा पाऊस सुरू झाला की पंप बंद करून नुसता फॅन चालवा. आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी पाहिजेच, हवा बाहेर पडली नाही तर आत वाफ साठत जाते आणि तासाभरात तुमच्या नागपूरच्या खोलीची मुंबई होते.