मरळीला ल्यूर टाकताय? मग या चुका टाळा

मोबाईलवर अमेरिकेतला एखादा गडी तळ्याकाठी उभा राहतो, तिसऱ्याच फेकीला चांगला जाडजूड बास ओढून काढतो आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतो. ते बघून इकडे आपलं जळगाव-धुळ्याचं पोरगं ऑनलाइन ल्यूरचा, म्हणजे खोट्या आमिषांचा, सेट मागवतं, रविवारी गावच्या पाझर तलावावर जातं, खांदा भरून येईपर्यंत फेकत राहतं आणि दुपारी रिकामी पिशवी घेऊन घरी परततं. मीही त्यातलाच. पहिले दोन हंगाम शेवाळाशिवाय हाती काही लागलं नाही. दोष मी ल्यूरला देत होतो आणि दर पगाराला नवा ल्यूर घेत होतो.

बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा. आपल्या तलावांत त्याची जागा मरळ चालवते. दबा धरून बसणारी, जवळून काही गेलं की झेप घेणारी. त्यामुळे बाससाठी बनवलेले बरेच ल्यूर तिला चालतात. पण दोघांत एक मोठा फरक आहे. मरळ हवेत श्वास घेते. गढूळ, कोमट, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही ती तग धरते आणि दर थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घेते. तिचं तोंड हाडाचं, टणक आणि दात टोकदार. बासचे दात खरखरीत कागदासारखे असतात, त्याला अंगठ्याने जबड्यात धरून फोटो काढता येतो. मरळीशी हा प्रकार करून बघू नका. मी एकदा केला होता.

पाण्यात कोणता मासा आहे हे न विचारणं

ही सगळ्यात महागडी चूक, आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. आपल्याकडच्या बहुतेक शेततळ्यांत रोहू, कटला, मृगल सोडलेले असतात. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, मृगल तळाचं कुजकं खातो, रोहू वनस्पती आणि शेवाळावर जगतो. यांच्यासमोर तुम्ही जपानी क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचा कडक ल्यूर, नाचवा नाहीतर सोन्याचा चमचा, ते ढुंकून बघणार नाहीत. तिथे पिठाचा गोळाच हवा. ल्यूर शिकारी माशासाठी असतो. तिलापिया म्हणजे चिलापी कधीकधी बोटाच्या पेराएवढ्या, फिरत्या पात्याच्या स्पिनरला लागते, तेवढंच.

मरळ आहे की नाही हे ओळखायला पैसे लागत नाहीत. सकाळी काठावर अर्धा तास नुसतं बसा. जलपर्णीच्या कडेला किंवा पाणकणसाच्या बुडाशी 'गुळुप' असा आवाज येतो, पाण्यावर ताटलीएवढं वर्तुळ उठतं आणि एखाददुसरा बुडबुडा राहतो. मरळ हवा घेऊन गेली. तीच जागा डोक्यात ठेवायची, कारण ती फार लांब जात नाही.

विचारायचं आणखी एक कारण म्हणजे परवानगी. धरणं आणि तलावांमधली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, गावतळ्याचा हक्क ग्रामपंचायतीकडे असू शकतो. संस्थेच्या माणसाला आधी भेटलात तर तो हाकलत नाही, उलट जागा दाखवतो. न विचारता गेलात तर रॉड जप्त होईल आणि वर चार शब्द ऐकावे लागतील.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यावर तर मालक ओळखीचा असला तरी तीन गळांचा ल्यूर फेकूच नका. तळाला अडकला आणि जोराने ओढला की कागदाला भोक पडलंच. त्याहून वाईट म्हणजे त्या उतारावर पाय ठेवणं. ओल्या प्लास्टिकवर पाय टिकत नाही, आत गेलेल्याला धरायला काही सापडत नाही, आणि आपल्या भागात अशी माणसं गेली आहेत. उतारावर दोर सोडलेला नसेल तर त्या तळ्यावर मासे धरायला जाऊच नये.

फ्रॉग: घ्यायचा कोणता आणि ओढायचा कधी

मरळीसाठी एकच ल्यूर घ्यायचा असेल तर पोकळ रबरी बेडूक घ्या. ज्याला सगळे फ्रॉग म्हणतात तो. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो जलपर्णीवरून, शेवाळावरून न अडकता सरकतो. माशाने तोंडात दाबला की रबर चेपतं आणि गळ उघडे पडतात. सगळी करामत या चेपण्यात आहे. म्हणून दुकानात आधी तो बोटांत दाबून बघा. दोन बोटांच्या साध्या दाबाने गळाची टोकं बाहेर आली पाहिजेत. मी घेतलेला पहिला फ्रॉग दिसायला फार देखणा होता, डोळे तर असे की आत्ता डराव करेल. पण रबर चपलेच्या तळासारखं. मरळ तीनदा आली, तीनदा चावून सोडून गेली आणि मी काठावर गळाला शिव्या घालत बसलो.

गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढा. नखात रुतून थांबलं तर धार आहे, घसरलं तर कानस मारा. दगडाच्या पिचिंगवर दोन फेकी आपटल्या की नवा गळही बोथट होतो, आणि आपल्या बंधाऱ्यांना सगळीकडे दगडच. बाजूला झुकलेले गळ पक्कडीने किंचित बाहेर वळवले तर मासा लागण्याचं प्रमाण वाढतं. किंचितच वळवा, जास्त वळवलेत तर प्रत्येक फेकीला गवत येईल.

फ्रॉग बुडायला लागला तर पोटात पाणी गेलंय. बादलीत बुडवून दाबा. बुडबुडे बहुधा नाकाजवळून, जिथून गळाचा दांडा बाहेर येतो तिथून येतात. तिथे सुकवून पाण्याने न सुटणाऱ्या गोंदाचा थेंब लावायचा. काठावर असाल तर दर आठ-दहा फेकींनंतर पाणी दाबून काढत राहा.

आता मुख्य चूक. मरळ फ्रॉगवर येते तेव्हा आवाज होतो, पाणी फुटतं आणि आपला हात आपोआप वर जातो. तिथेच ती सुटते. गवतात तिला भक्ष्य नीट दिसत नाही, पहिल्या झेपेत ती बऱ्याचदा नुसती धडक देते किंवा फ्रॉग अर्धाच धरते. माझ्या पाच-सहा मरळी अशा गेल्यावर चाळीसगावकडच्या एका तलावावर जाळं धूत बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी न राहवून हाक मारली, "दम धर भाऊ, मासा तठेच शे!" मी थांबलो. दोरी हळूच ताठ होत बाजूला सरकायला लागली. मग रीलचे दोन वळसे, रॉडचं टोक खाली, आणि जोरात झटका. ती सव्वा किलोची निघाली. बाबांनी वर बघितलंही नाही, जाळं धूतच राहिले.

तेव्हापासून माझा नियम असा: आवाजावर नाही, वजनावर झटका. पाणी फुटलं की 'एक, दोन' म्हणायचं, दोरीला ओढ जाणवली की मारायचं. ओढ जाणवली नाही तर फ्रॉग तिथेच पडू द्यायचा. पाच-दहा सेकंद काहीच करायचं नाही, मग नुसता थरथरवायचा. मासा बहुतेक खालीच असतो. तरीही आली नाही तर जागेच्या चार-पाच फूट पलीकडे फेकून तिच्या डोक्यावरून आणायचा. नेमका डोक्यावर टाकलात तर पळते.

मासा मागे येतो, पाण्यावर फुगवटा दिसतो, पण घेत नाही. यावेळी बहुतेक जण वेग वाढवतात, मीही वाढवायचो. आता मोकळ्या पाण्याच्या कडेला आलो की फ्रॉग थांबवतो. गवताच्या झालरीतून बाहेर पडण्याची ती हातभर जागा असते, तिथे थांबलेल्या बेडकावर ती हमखास ठरवते, घ्यायचा की नाही. दोन वेळा नाकारला तर छोटा फ्रॉग लावा. तोही नको म्हणाली तर जागा बदला, उद्या या.

दोरी आणि रॉड

फ्रॉगला नायलॉनचा तंगूस लावणं म्हणजे रबराने बादली ओढणं. झटका दोरीच्या ताणातच जिरतो, टणक तोंडात गळ रुतत नाही आणि लागलेली मरळ जलपर्णीच्या मुळांत जाऊन बसते. इथे ब्रेडेड, म्हणजे धाग्यांची विणलेली दोरीच हवी, तीस ते पन्नास पौंडांची. ती ताणली जात नाही आणि गवत कापत येते. रॉड साडेसहा-सात फुटांचा, मीडियम हेवी. टोकाला दातांपासून बचावासाठी वीतभर लीडर, म्हणजे ल्यूरच्या आधीचा जाड दोरीचा तुकडा. आणि ड्रॅग, म्हणजे रीलवरून दोरी सुटायला अडवणारा ब्रेक, घट्ट. मोकळ्या पाण्यात मासा खेळवतात तो खेळ गवतात नाही, तिथे तिचं डोकं वर ठेवून सरळ ओढायचं.

रीलवर गुंता होत असेल तर दोन गोष्टी बघा. दोरी स्पूलच्या, म्हणजे ती गुंडाळायच्या चाकाच्या, काठापर्यंत ठासून भरलीय का, आणि फेकल्यावर बेल, म्हणजे रीलवरची तारेची कमान, हँडल फिरवून मिटताय का. दोरी काठापासून दोन मिलिमीटर खाली असू द्या, बेल हाताने मिटा. फिरणाऱ्या पात्याचा स्पिनर वापरत असाल तर स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारी कडी, लावा, नाहीतर दोरीला पीळ पडतोच.

तुटलेली ब्रेडेड दोरी पाण्यात किंवा झाडावर सोडू नका. ती कुजत नाही. हतनूर धरणावर हिवाळ्यात किती पक्षी उतरतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

रंगाचा फार विचार आणि वेळेचा अजिबात नाही

रंगावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझं मत थोडक्यात: पाणी गढूळ असेल तर काळा किंवा भडक पोपटी, आणि आवाज करणारा, पाणी नितळ असेल तर तपकिरी, हिरवा, बेडकासारखा. काळा फ्रॉग संध्याकाळीही चालतो, कारण मासा खालून बघतो आणि आकाशाच्या उजेडावर त्याला काळी आकृती ठळक दिसते. यापुढे रंगावर पैसे घालवू नका.

वेळेत मात्र सगळं आहे. मे महिन्यात भुसावळला पारा ४५च्या आसपास असताना सकाळी दहाला तळ्यावर पोचणारा माणूस मासे धरायला नाही, उष्माघात धरायला जातो. उजाडायच्या आत पोचायचं, नऊला घरी. किंवा दिवस कलल्यावर. दुपारी जायचंच असेल तर बाभळीची सावली जिथे पाण्यावर पडते किंवा जलपर्णीचा जाड थर जिथे आहे तिथे, त्यातल्या भोकांवर फ्रॉग थांबवत थांबवत. डिसेंबर-जानेवारीत उलटं. खानदेशात थंडीही कडक पडते, पाणी गार असलं की मासा सुस्त असतो. तेव्हा ऊन चढल्यावर जा आणि ल्यूर इतका हळू आणा की स्वतःलाच कंटाळा येईल. उथळ कडेला, जिथे पाणी आधी तापतं.

डबा गाडीच्या डिकीत ठेवणं

ही चूक खास आपल्या भागातली. एप्रिलमध्ये मी ल्यूरचा डबा तीन दिवस मोटारसायकलच्या डिकीत विसरलो. उघडला तर मऊ प्लास्टिकच्या लाल अळ्या एका चांगल्या क्रँकबेटच्या पोटात वितळून बसल्या होत्या. रंग सुटला होता, डब्याचा तळही चिकट झाला होता आणि आतून गॅरेजसारखा वास येत होता. उन्हाने काम लवकर झालं, पण कारण नुसतं ऊन नव्हतं. मऊ ल्यूरमध्ये प्लास्टिक नरम ठेवणारं जे तेलकट द्रव्य असतं ते काही कडक प्लास्टिकला आणि रंगाला खातं. म्हणून मऊ ल्यूर ज्या पाकिटात येतात त्यातच ठेवायचे, कडक ल्यूर वेगळे, आणि डबा घरात. ओले गळही बंद डब्यात टाकू नका, गंज एका गळावरून सगळ्यांवर जातो.

पिल्लांच्या गुच्छात ल्यूर टाकणं

पावसाळ्यात पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा थवा दिसतो. परातीएवढा गोळा, उकळी आल्यासारखा वरखाली होणारा. खाली मरळीची जोडी राखणीला असते. त्या वेळी ती भुकेने नाही, रागाने कशावरही येते, त्यामुळे नवखा माणूसही पाच मिनिटांत मासा काढतो आणि फोटो टाकतो. मोठी मरळ काढली की पिल्लं चिलापी आणि बगळ्यांच्या तोंडी जातात. पाझर तलाव लहान असतो, चार अशा जोड्या काढल्या की पुढची दोन-तीन वर्षं तिथे फेकत बसायचं. रश्श्यासाठीच हवी असेल तर बाजारात मिळते.

गुच्छा दिसला की मी रॉड आवरतो आणि सांडव्याकडच्या काठाला जातो. तिकडे जुलैत नवं पाणी येतं, बेडकंही तिकडेच ओरडत असतात.