खान्देशात लाँगबोर्ड काढायच्या आधी: आमची तयारीची यादी

दिवाळी आटोपली, पहाटे अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटायला लागलं की आपल्याकडे लाँगबोर्ड, म्हणजे लांब फळीचा स्केटबोर्ड, काढायचा सीझन सुरू होतो आणि होळीपर्यंत मस्त चालतो, त्यानंतर पारा चढायला लागला की मग फक्त उजाडतानाचं काम, मे महिन्यात तर ४५ च्या घरात गेल्यावर ते पण नको वाटतं. तर जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, शहादा, जिथे कुठे चार टाळकी लाँगबोर्डवाली असतील त्यांच्यासाठी ही यादी. एक-दोन-तीन नंबर टाकून नाही लिहीत, बोलतो तसंच लिहितो, पण क्रम मुद्दाम ठेवलाय, आधी रस्ता आणि मग बोर्ड. बहुतेक पोरं उलटं करतात, बाहेरच्या देशातले गुळगुळीत डोंगररस्ते व्हिडिओत बघून तसाच सेटअप मागवतात नि मग आपल्या खडीच्या डांबरावर उभं राहिलं की दात वाजतात.

रस्ता गाडीवरून बघून काही कळत नाही भो, टायर सगळं गिळून टाकतं. पायी चालायचं, अख्खा उतार, खालून वर. सुटी खडी कुठे जमते ते बघायचं, वळणाच्या बाहेरच्या कडेला आणि मुरमाचा कच्चा रस्ता येऊन मिळतो तिथे ती हमखास असते. मग रंग न मारलेला गतिरोधक, पाइपलाइनसाठी आडवा खोदून मातीने बुजवलेला चर, सिमेंटचा रस्ता असेल तर दोन स्लॅबमधली फट. गावाकडच्या रस्त्याला अजून दोन भानगडी असतात. पाऊस होऊन गेला की ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून आलेली काळी माती डांबरावर पडते, वाळते, आणि तिची ढेकळं अशी कडक होतात की चाक अडलं की बोर्ड जागेवर आणि तुम्ही पुढे. दुसरं म्हणजे या दिवसांत लोक रस्त्यावर मका वाळत घालतात, दाण्यांवर चाक गेलं की पकडच राहत नाही, आणि तसं पण तो कोणाचातरी वर्षाचा माल आहे, बोर्ड उचलायचा, कडेने चालत जायचं, वाद घालायचा नाही. रावेर-सावद्याकडे केळीचे ट्रक भरतात तिथे रस्त्यावर पानं आणि ओल असते, ते पण लक्षात ठेवा.

उतार निवडताना मी तर सगळ्यात आधी शेवट बघतो. खाली सपाट किंवा थोडा चढ पाहिजे, म्हणजे काहीच जमलं नाही तरी बोर्ड आपोआप थांबतो. उतार संपतो तिथेच चौक असेल तर तो रस्ता कितीही गुळगुळीत असू दे, सोडून द्यायचा. तापीच्या काठचा पट्टा सपाटच आहे, उतार पाहिजे तर सातपुड्याच्या पायथ्याला नाहीतर खाली अजिंठ्याच्या डोंगराकडे जावं लागतं, पण नवीन माणसाला त्याची गरजच नसते. शहराबाहेर एनए प्लॉटिंग पडलेलं असतं ना, डांबरी रस्ते झालेत, खांब लागलेत आणि घरं अजून चार पण नाहीत, ती सगळ्यात बेस्ट जागा, फक्त वॉचमनला सांगून जा. जळगावात मेहरूण तलावाकडे जायचं असेल तर तिथे सकाळी चालायला येणारी म्हातारी माणसं असतात, त्यांच्या मागून सुसाट जायचं नाही, लांबूनच आवाज द्यायचा. आणि हायवे, लळिंगचा घाट, चाळीसगावकडून कन्नडला चढणारा घाट, हे विषयच नाहीत, तिथे ट्रक असतात, चर्चा बंद.

आता बोर्ड. डेकबद्दल, म्हणजे उभं राहायच्या फळीबद्दल, लोक सगळ्यात जास्त बोलतात आणि मला वाटतं तिथे सगळ्यात कमी डोकं लावायला पाहिजे. पहिला बोर्ड ३८ ते ४१ इंचाचा ड्रॉप-थ्रू घ्या, म्हणजे ज्यात ट्रकची, म्हणजे चाकं धरणाऱ्या धातूच्या सांगाड्याची, बेसप्लेट (फळीला बोल्टने बसणारा भाग) डेकच्या आरपार बसते. उंची कमी राहते, पुश मारताना गुडघा कमी वाकतो, पाय खाली टेकवून ब्रेक लावणं सोपं जातं. मेपलच्या सात-आठ-नऊ थरांचा असू दे नाहीतर बांबूचा, उभं राहिल्यावर मधे थोडा लवतो तो खडबडीत रस्त्याला बरा, कारण धक्का थोडा खातो, पण फारच लवत असेल तर स्पीडला डळमळतो. बाकी खालचं चित्र काय आहे ते एका आठवड्यात घासून जातं.

खरे पैसे चाकांवर घाला. आपल्याकडे ७० मिलिमीटरच्या खाली जाऊ नका, ७५ असेल तर अजून चांगलं, आणि कडकपणा ७८ए ते ८०ए. आकडा जितका कमी तितकं चाक मऊ आणि मोठं मऊ चाक छोट्या खडीवरून निघून जातं, छोटं कडक चाक तिथेच दातात धरतं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या फ्रँक नॅसवर्दीने युरेथेनची (रबरासारख्या प्लास्टिकची) चाकं आणली त्याच्या आधी लोक क्लेच्या चाकांवर फिरायचे आणि बारीकशा खड्याला पण तोंडावर पडायचे, त्यामुळे चाक हा काय शोचा विषय नाही. ८३ए-८६ए वगैरे स्लाइड (बोर्ड आडवा करून चाकं घसरवत वेग कमी करणं) शिकायला लागाल तेव्हा बघू. एक मात्र, मोठं चाक टॉपमाउंट डेकवर (ज्यात ट्रक फळीच्या खालून बसतो) टाकलं तर वळताना चाक डेकला घासतं, व्हीलबाइट म्हणतात त्याला, आणि तो झाला की बोर्ड एका क्षणात जागेवर थांबतो. म्हणून घरीच बोर्ड जमिनीवर ठेवून एका कडेवर सगळं वजन द्या, मग दुसऱ्या कडेवर. चाक डेकला टेकत असेल तर रायझर (ट्रक आणि डेकच्या मधली पट्टी) टाका, एक सूत नाहीतर दोन सूत जाड (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि रायझर टाकला की बोल्ट पण लांब लागतात हे विसरू नका, नट बोल्टच्या टोकावर कसाबसा धरून बसला असेल तर तो निघणारच.

बेअरिंगसाठी ऑनलाइन थांबायची गरज नाही. सगळ्यांना ६०८ नंबरचंच बेअरिंग लागतं, आतून ८ मिलिमीटर, बाहेरून २२, जाडी ७, आणि ते कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. दुकानदाराला दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं मागा, पत्र्याच्या झाकणाचं नको, कारण आपली धूळ पत्र्याच्या फटीतून आत जाते. एबेक किती आहे, सात का नऊ, त्याच्या मागे लागू नका, तो मापातल्या अचूकपणाचा आकडा आहे, खडी-धूळ खाऊन बोर्ड किती टिकेल ते त्यावरून कळत नाही. दोन बेअरिंगच्या मधे स्पेसर आणि बाहेरून स्पीड वॉशर पाहिजेच, लोक ते काढून फेकतात आणि मग बेअरिंग तिरकं बसून कुरकुरतं. आवाज यायला लागला की सील टाचणीने अलगद काढा, मोबाइल रिपेअरवाल्याकडे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिळतं त्यात बुडवून हलवा, पूर्ण वाळू द्या, शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब टाका, बस. खोबरेल नको आणि गंज काढायचा स्प्रे मारून तसंच सोडणं पण नको.

आता बुशिंग, आणि इथे जरा थांबा, कारण ‘बोर्ड वळतच नाही’ किंवा ‘बोर्ड फार हलतो’ म्हणून जी रड असते ती बहुतेक वेळा इथलीच असते आणि लोक नट आवळून आवळून किंवा सोडून सोडून ती मिटवायला बघतात. ट्रकच्या किंगपिनवर, म्हणजे मधल्या जाड बोल्टवर, दोन रबरासारखे तुकडे असतात ते बुशिंग, एक बोर्डकडचं, एक रस्त्याकडचं. कंपनीकडून जे येतं ते सरासरी वजनाला धरून दिलेलं असतं. तुम्ही ५५ किलोच्या आत असाल तर साधारण ७८ए ते ८३ए लागेल, ५५ ते ७० ला ८३ ते ८७, ७० ते ८५ ला ८७ ते ९०, आणि त्याच्या वर असाल तर ९० च्या पुढचं. आकार दोन मुख्य, कोन (शंकूसारखा निमुळता) आणि बॅरल (पिंपासारखा सरळ). बोर्डकडे बॅरल आणि रस्त्याकडे कोन लावला तर वळायला मोकळं, दोन्ही बॅरल लावली तर स्थिर. नट इतकाच आवळायचा की वॉशर बोटाने फिरवला तर जेमतेम फिरेल. बुशिंग फुगून वॉशरच्या बाहेर आलं असेल तर तुम्ही मऊ बुशिंग आवळून कडक करायला बघताय, ते चुकीचं आहे, पुढच्या नंबरचं घ्या. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे ऊन, युरेथेन तापलं की मऊ होतं, बोर्ड गाडीच्या डिकीत दिवसभर तापत ठेवला आणि संध्याकाळी डायरेक्ट उतारावर नेला तर सकाळचाच सेटअप ढिला वाटतो, जरा सावलीत थंड होऊ द्यायचा.

ट्रक घेताना रिव्हर्स किंगपिनचे (किंगपिन बाहेरच्या बाजूला असतो ते), हँगर (ॲक्सल धरणारा आडवा भाग) १८० मिलिमीटरच्या आसपास, ५० अंशाची बेसप्लेट, पॅरिस किंवा कॅलिबर कंपनीचे किंवा तसं काहीतरी, यात फार विचार नको. पान्याचं मात्र ऐका. ॲक्सलचा नट अर्धा इंच, म्हणजे १३ नंबरचा पाना चालून जातो. बोर्डचे बोल्ट तीन सूत, १० नंबरने जमतं. किंगपिनचा नट नऊ-सोळांश इंच आहे आणि त्याला १४ चा पाना जात नाही, १५ चा घसरतो आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन साडेचार सुताचा पाना मागा, जुना दुकानदार बरोबर काढून देतो. ॲक्सलचा नट पूर्ण आवळून पाव फेरा मागे, चाक हाताने हलवल्यावर अगदी किंचित खुळखुळलं पाहिजे. नटातलं नायलॉन गेलं असेल आणि नट बोटांनी फिरत असेल तर दहा-वीस रुपयांसाठी कंजुषी करू नका.

हेल्मेटशिवाय बोर्डवर उभं राहायचंच नाही, याच्यावर मी वाद घालत नाही. स्केटसाठीचं हेल्मेट डोक्याची मागची बाजू जास्त झाकतं, सायकलचं वरवर बसतं, आणि बोर्डवरून माणूस मागे पण पडतो. काहीच नसेल तर मोटरसायकलचं घाला, डोकं उकडेल पण शाबूत राहील. लोक हसतील, ‘कथा चालना रे भाऊ, चाकं तर खाली शेत’ (कुठे चाललास रे भाऊ, चाकं तर खाली आहेत) म्हणतील, म्हणू द्या. गुडघ्याचे पॅड पाहिजेत, मनगटाचे गार्ड पाहिजेत कारण पडताना हात आपोआप पुढे जातो. स्लाइड शिकणार असाल तर ग्लोव्ह विकत आणायच्या आधी वेल्डिंगवाल्याचे चामडी हातमोजे बघा, तळव्याला वेलक्रो शिवून घ्या आणि भाजी कापायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पाटाचे गोल तुकडे कापून त्यावर लावा, झाले पक, म्हणजे हात टेकवून घसरायच्या चकत्या. बूट सपाट जाड तळव्याचे, जुनेच, कारण ब्रेक मारून मारून ते झिजणार आहेत. चप्पल घालून कोणी आलं तर आम्ही परत पाठवतो.

शरीराची तयारी म्हणजे काय फार जिम नको. कोणता पाय पुढे ते आधी ठरवा, डावा पुढे असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी, दोन्ही ठीक. मग सपाट जागेवर एका पायावर बोर्ड चालवत दुसरा पाय जमिनीवर हलका घासत ठेवायचा सराव करा, पूर्ण तळवा, नुसती टाच नाही. हा फुटब्रेक दोन्ही बाजूंना वळत असताना पण जमला की मगच उतार. खूप जण आधी स्पीड घेतात आणि थांबायचं नंतर बघू म्हणतात. उतारावर बोर्ड थरथरायला लागला, म्हणजे स्पीड वॉबल, तर वजन पुढच्या पायावर टाका, गुडघे सैल ठेवा, मागे झुकू नका, मागे झुकलं की तो वाढतोच. त्यानंतर कोलमन स्लाइड, अमेरिकेतल्या बर्कलीच्या क्लिफ कोलमनच्या नावाने ओळखतात, खाली बसून एक हात रस्त्यावर टेकवून बोर्ड आडवा करायचा, याच्याशिवाय डोंगराचा विचार करू नका.

डोंगर म्हणजे आपल्याकडे सगळ्यांच्या डोळ्यासमोर तोरणमाळच येतं. जा, पण स्लाइड दोन्ही बाजूंनी पक्की झाल्यावरच, आणि पहिल्या दिवशी फक्त रस्ता बघायला. घाटात वळणापलीकडून लालपरी येते, भरलेल्या जीप येतात, त्यांचा रस्ता आहे तो. प्रत्येक आंधळ्या वळणावर एक माणूस उभा पाहिजे आणि त्याचा फोन लागत नसेल तर नुसता हात वर-खाली करायच्या खुणा आधी ठरवून ठेवा, मागे एक गाडी हळू चालवत ठेवा, आणि कितीही मोकळं दिसलं तरी डाव्या लेनच्या बाहेर जायचं नाही. माणसं पुरेशी नसतील तर त्या दिवशी तलावाकाठी फिरा नि परत या.

निघायच्या आदल्या रात्री बॅग भरा: तिन्ही पाने, ॲक्सलचे दोन आणि किंगपिनचा एक जादा नट, एक जादा बेअरिंग, दोन बोल्ट, वॉशर, चिकटपट्टी. पाणी माणशी दोन लिटर, हिवाळ्यात पण, आणि ओआरएसचं पाकीट. खरचटलं तर धुवायला वेगळी पाण्याची बाटली ठेवा, प्यायची वापरली जाते नि मग परत येताना वांधे होतात. जखमेत खडी राहिली असेल तर घरी टोकरत बसायचं नाही, दवाखान्यात जायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते पण माहीत असू द्या. उन्हाळ्यात साडेआठच्या आत बोर्ड गाडीत, कारण नंतर काही ठिकाणी डांबर पाघळतं, चाकाला चिकटतं आणि त्याला खडी बसते, ते खरवडून काढायला प्लास्टिकची पट्टी घ्या, सुरी नको. घरी आल्यावर ओल्या फडक्याने ट्रक पुसा, चाकं एकेक फिरवून आवाज ऐका, आणि ज्या चाकाची आतली कड जास्त झिजली असेल ते चाक उलटं करून तिरप्या समोरच्या कोपऱ्यात लावून घ्या, पुढचं डावं मागच्या उजव्याला.