दुर्मिळ फर्न ओळखायचाय? आधी साधे फर्न पाठ करा

जे कुणी बॉटनी करताय किंवा नुकतेच सर्व्हेच्या कामाला लागलाय आणि फर्नकडे वळायचं मनात आहे त्यांच्यासाठी लिहितोय. बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो की दुर्मिळ फर्न ओळखायचा कसा, आणि माझं उत्तर दरवेळी एकच, आधी आपल्या भागातले अगदी कॉमन फर्न पाठ करा. साध्या फर्नचं पान तोडून, देठ कापून, मुळापाशी उकरून शिकता येतं, दुर्मिळाच्या बाबतीत ती मुभाच नसते. अटलांटिक महासागरातल्या असेन्शन बेटावरचा अ‍ॅनोग्रामा असेन्शनिस हा चिमुकला फर्न १९५८ नंतर कुणाला दिसलाच नव्हता, २००३ मध्ये तो नामशेष धरला गेला आणि २००९ मध्ये ग्रीन माउंटनवर सापडला तेव्हा रोपं होती फक्त चार. अशा ठिकाणी "ओळखायला एक उपटून नेतो" म्हणता येत नाही. रोप जागेवर ठेवून नाव लावता आलं पाहिजे, आणि तेवढी नजर साध्या फर्नवरच तयार होते.

आता बघायचं काय ते. नवीन लोक पानाचा आकार बघतात आणि तिथंच अडकतात. आकार फसवतो, एकाच जातीचं कोवळं रोप आणि वाढलेलं रोप बघितलं तर दोन वेगळ्या जाती वाटाव्यात इतका फरक असतो, सावलीतलं आणि उन्हातलंही वेगळं दिसतं. पान न तोडता हलकेच उलटं करा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून जवळ जा. मागच्या बाजूला जे तपकिरी ठिपके किंवा रेघा दिसतात ते सोरस, म्हणजे बीजाणूधान्यांचे, ज्यात फर्नचे बीजाणू तयार होतात त्या बारीक पिशव्यांचे, झुबके. ते कुठे आहेत, शिरेवर की कडेला, गोल की लांबट, आणि त्यांच्यावर पातळ पापुद्रा आहे का हे बघायचं. फर्नच्या वंशांप्रमाणे (जीनस) हे बदलतं, ड्रायोप्टेरिसमध्ये हा पापुद्रा मूत्रपिंडाच्या आकाराचा असतो, पॉलिस्टिकममध्ये गोल आणि मधोमध चिकटलेला, अ‍ॅस्प्लेनियममध्ये शिरेच्या एका बाजूने लांबट, टेरिसमध्ये तर पानाची कडच वळून झाकण होते, आणि पॉलिपोडियममध्ये काहीच नसतं. पण सोरस पिकला की पापुद्रा सुकतो, आक्रसतो, कधी गळूनही जातो, म्हणून एकाच पानावर कोवळे आणि जुने दोन्ही सोरस शोधा. नुसतं पिकलेलं पान बघून "पापुद्रा नाही" असं वहीत लिहिलं की ओळख पटवायची की, म्हणजे एकेका लक्षणावर फाटे फुटत जाणारी किल्ली, पुढे सगळी चुकीच्या फांदीवर जाते.

मग खाली बसा, अगदी जमिनीला नाक लावून, आणि देठाचा बुडखा बघा. इथले खवले म्हणजे माझ्या मते फर्नमधली सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात भरवशाची गोष्ट. रंग, कड, एकरंगी की मधे गडद पट्टा, सगळं लिहून घ्या. अ‍ॅस्प्लेनियमचा एक खवला चिमट्याने उचलून उजेडावर धरला की पेशींच्या भिंती गडद आणि मधला भाग पारदर्शक दिसतो, हुबेहूब खिडकीच्या जाळीसारखा, आणि त्या एका खवल्यावर अर्धं काम होतं. खवला शक्यतो गेल्या वर्षीच्या वाळलेल्या देठावरून घ्या, रोपाला काही कळतही नाही.

बीजाणूंकडे लोक फार उशिरा वळतात, खरं तर पिकलेल्या पानाचा नखाएवढा तुकडा कागदाच्या घडीत रात्रभर ठेवला तरी पुरेसे बीजाणू पडतात. मायक्रोस्कोपखाली लांबट आणि एका रेषेचे आहेत की तीन रेषांचे, हे तर बघाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते धड आहेत का ते बघा. सुरकुतलेले, काळपट, लहानमोठे बीजाणू दिसले तर बऱ्याचदा तो संकर असतो. फर्नमध्ये संकर भरपूर होतात, दोन कॉमन जातींच्या मधलं काहीतरी दिसतं आणि माणसाला वाटतं नवीन जात सापडली.

कधीकधी नुसत्या दिसण्यावर निर्णय होतच नाही. हार्ट्स टंग नावाचा फर्न युरोपात बऱ्याच ठिकाणी सर्रास दिसतो, त्याचाच उत्तर अमेरिकेतला प्रकार मात्र चुनखडीच्या मोजक्या जागी उरलाय. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे, पण युरोपातल्याचे गुणसूत्र ७२ आणि अमेरिकेतल्याचे १४४. त्यात युरोपातला बागेत लावतात आणि तो बाहेर पसरतो, म्हणजे अमेरिकेत असं रोप दिसलं की ते मूळचं की बागेतून सुटलेलं हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. अशा वेळी लेबलवर जातीच्या नावाआधी "सीएफ" लिहून मोकळं व्हावं, म्हणजे "या जातीशी ताडून बघा". अर्धवट खात्रीने ठोकून दिलेलं नाव यादीत गेलं की वर्षानुवर्षं निघत नाही. हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, जाऊन टाइप शीट (ज्या नमुन्यावरून जातीचं नाव ठरलं तो) बघायची सवय लावा, बऱ्याच मोठ्या हर्बेरियमच्या शीट आता ऑनलाइन झूम करून बघता येतात.

अजून एक, दुर्मिळ आणि धोक्यात हे दोन वेगळे मुद्दे आहेत. एखादा फर्न कमी जागी असूनही शतकानुशतकं टिकून असू शकतो. धोक्यातल्या जातींची जागतिक यादी करणाऱ्या आययूसीएन या संस्थेचे निकष एकदा नीट वाचाच, प्रजननक्षम रोपं ५० पेक्षा कमी असतील तर अति धोक्यात, २५० पेक्षा कमी तर धोक्यात, शिवाय क्षेत्रफळ आणि घट यांचे वेगळे निकष आहेत. पण मोजणीही सोपी नाही. बोट्रिकियम, ज्याला मूनवर्ट म्हणतात, तो साधारण वर्षाला एकच पान काढतो आणि काही वर्षी जमिनीवर येतच नाही, आत बुरशीच्या आधाराने जगत राहतो, म्हणून एका वर्षी शून्य दिसलं तर "संपला" लिहू नका, त्याच जागी पुढच्या हंगामातही जा.

आणि जागा कुणाला सांगायची ते आधी ठरवा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये फर्न जमवायची इतकी लाट आली होती की किलार्नी फर्नसारख्या जाती लोकांनी खरवडून नेल्या, आणि हौशी गोळा करणारे आजही आहेत. आयनॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर बऱ्याच धोक्यातल्या जातींचं ठिकाण आपोआप धूसर होतं, पण तुम्ही चुकीच्या किंवा नुसत्या वंशाच्या नावाने टाकलं तर होत नाही, तेव्हा ठिकाण स्वतःच झाकून टाका. फोटोचा जीपीएस बंद ठेवा, मागे ओळखू येणारा धबधबा किंवा कडा फ्रेममध्ये घेऊ नका. नेमके कोऑर्डिनेट्स वन खात्याला आणि ज्या तज्ज्ञाकडून नाव पक्कं करून घेताय त्यालाच द्या, सोबत पानाची मागची बाजू, बुडख्याचे खवले आणि शेजारी पट्टी ठेवून काढलेलं अख्खं रोप असे फोटो पाठवा, एवढं असलं की सहसा तो नमुना मागत नाही.