क्रॉस स्टिचचं कापड घेताना या चुका टाळा

क्रॉस स्टिच बिघडलं की दोष हाताला दिला जातो. पण गणपतीचं पोट लांबट होणं, फुल्यांच्या मधून कापड डोकावणं, पूर्ण झालेलं चित्र फ्रेममध्ये न मावणं, या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा कापडात असतं. पहिली फुली पडायच्या आधीच काय व्हायचं ते ठरून गेलेलं असतं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त फसवतं ते मॅटी, म्हणजे चौकोनी घरांच्या विणीचं सुती कापड. स्वस्त, कुठेही मीटरवर मिळणारं, आणि टेबलक्लॉथ, तोरणं, उशांचे अभ्रे यांसाठी अगदी छान. अडचण एकच: त्याच्या ताग्यावर काउंट, म्हणजे एका इंचात किती घरं बसतात तो आकडा, लिहिलेला नसतो आणि उभी-आडवी घरं सारखी असतीलच असं नाही. समजा, एका इंचात आडवी १४ घरं आहेत आणि उभी १२. ग्राफवर ८४ बाय ८४ घरांचं गोल चित्र असेल, तर कापडावर ते ६ इंच रुंद आणि ७ इंच उंच होईल. एवढा फरक कुणाच्याही नजरेत भरतो. म्हणून दुकानातच पट्टी लावून ४ इंचांतली घरं मोजा, ४ ने भागा, मग पट्टी आडवी करून पुन्हा मोजा. एका इंचात मोजू नका, अर्ध्या घराची चूक तिथे सहज होते. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.

असं कापड घरात आधीच येऊन पडलं असेल तर टाकून देऊ नका. वेलबुट्टी, किनारी, भौमितिक नक्षी त्यावर खुशाल भरा. चेहरे आणि गोल मात्र टाळा. आणि मॅटी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच वापरा. सुती कापड आटतं, त्यामुळे आधी मोजलेली घरं धुतल्यावर बदलू शकतात. नक्षी बसवण्याआधी पुन्हा एकदा मोजलेलं बरं. कडा सुटतात, त्यांवर मशीनची झिगझॅग शिलाई मारून घ्या.

आयडा, म्हणजे क्रॉस स्टिचसाठीच विणलेलं चौकोनी घरांचं कापड, यात ही कटकट नाही. चौकोन दोन्हीकडून सारखे, भोकं ठळक, काउंट पाकिटावर छापलेला. नवशिक्यांनी १४ काउंटचं आयडा घ्यावं, यावर माझं तरी दुमत नाही. ते जरा कडक लागतं म्हणून काही जणी आधीच धुऊन मऊ करतात. भिंतीवर लावायच्या चित्रासाठी याची गरज नसते, उलट त्या कडकपणामुळेच घरं नीट दिसतात.

आयडा घेतानाची चूक हिशेबाची असते. घरांची संख्या भागिले काउंट म्हणजे इंच. १४० बाय ९८ घरांचं चित्र १४ काउंटवर १० बाय ७ इंच होतं, तेच १८ काउंटवर पावणेआठ बाय साडेपाचच्या आसपास, आणि ११ काउंटवर पावणेतेरा बाय नऊच्या जवळ. यात चारही बाजूंनी ३-३ इंच जादा धरा. म्हणजे १४ काउंटसाठी १० बाय ७ नव्हे, १६ बाय १३ चा तुकडा हवा. जादा कापड एकाच बाजूला धरलं जातं आणि मग फ्रेमवाला हात वर करतो. काम सुरू झाल्यावर तुकडा अपुरा आहे हे लक्षात आलं, तर कडेला दुसऱ्या कापडाची पट्टी शिवून घ्या. रिंगमध्ये धरायला आणि फ्रेममध्ये मागे वळवायला तेवढी पुरते.

फुल्यांमधून कापड दिसत असेल तर दोऱ्याचे पदर तपासा. सहापदरी दोऱ्यातले १४ काउंटला साधारण २ पदर पुरतात, ११ ला ३ लागतात, १८ वर बहुतेक ठिकाणी १ पुरतो. पांढऱ्या कापडावर गडद लाल किंवा काळा भराव असेल, तर कोपऱ्यात छोटा चौकोन भरून बघा. पदर वाढवूनही टाके खेचले जात असतील, तर सुई बदला: १४ काउंटला बोथट टोकाची २४ नंबर, १८ ला २६.

२८ काउंटचं लिनन किंवा इव्हनवीव्ह (उभे-आडवे धागे सारख्याच संख्येनं विणलेलं कापड; इथे काउंट म्हणजे इंचातले धागे) हाती आलं की काही जणी प्रत्येक धाग्यावर फुली घालायला घेतात. मग १४० घरांचं चित्र ५ इंचांत आटोपतं आणि डोळ्यांचं वाटोळं होतं. ते दोन-दोन धाग्यांवर भरायचं असतं, म्हणजे १४ काउंटइतकंच माप येतं. ग्राफमध्ये पाऊण टाके (फुलीचा एक पाय घराच्या मधोमध थांबणारे) बरेच असतील तर मात्र आयडापेक्षा हेच घ्या. आयडाच्या चौकोनाच्या मधोमध भोक नसतं, तिथे सुई रेटावी लागते.

काळं कापड हौसेनं घेतलं जातं आणि कपाटात पडून राहतं, कारण भोकंच दिसत नाहीत. मांडीवर पांढरा टॉवेल पसरून दिवसाउजेडी बसा, बराच फरक पडतो. पहिलंच काम असेल तर घेऊच नका.

कुर्त्यावर क्रॉस स्टिच हवं असेल तर साध्या सुती कापडाचे धागे मोजत बसू नका. वेस्ट कॅनव्हासचा (भरून झाल्यावर काढून टाकायच्या जाळीदार कापडाचा) तुकडा वरून टाचा, दोन्हींतून एकदम फुल्या भरा, नंतर कॅनव्हास ओलसर करून त्याचे धागे चिमट्यानं एकेक ओढून काढा. इथे मात्र सुई टोकदार लागते. आणि कुर्ता आधी धुतलेला असू द्या, नाहीतर तो पहिल्या धुण्यात आटेल आणि नक्षी गोळा होईल.