आधी अर्थिंग, मग ग्राफिक्स कार्ड

बेळगावच्या शहापुरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळक्या मोटारी येतात, त्या उघडायच्या, काळं तांबं काढायचं, नवं भरायचं. भाच्यानं गेमिंगचा कॉम्प्युटर बांधायचं काढलं तेव्हा तो मोबाईलवर रंगीत पंखे दाखवायला लागला आणि मी विचारलं, "घरातल्या थ्री पिनला अर्थिंग आहे काय रे?" त्यानं आईकडं बघितलं. बहिणीनं माझ्याकडं.

त्यांचं घर जांबोटीच्या बाजूला. पावसाळ्यात लाईट दिवसातनं कितीदा जाते ते मोजायचं नाही. गेलेली परवडते, पण येताना व्होल्टेज कसं येईल ते सांगता येत नाही. म्हणून मी मीटर घेऊनच गेलो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० आले, ठीक. फेज आणि अर्थमध्येही तेवढेच यायला पाहिजेत, तिथं ९० दाखवले. म्हणजे हिरवी तार बोर्डात नुसतीच लोंबकळत होती. हे माप सवय नसणाऱ्यानं घेऊ नये, वायरमनला बोलवा. परसात खड्डा काढून पाईप पुरला, मीठ-कोळसा भरला, तार ओढली. कॉम्प्युटरचा पहिला खर्च हा.

बजेट ५०,००० रुपये, मॉनिटर सोडून. सुट्या भागांचे भाव देत बसत नाही, महिन्यात बदलतात. हिशेब असा धरा: एकूण पैशांतला तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त ग्राफिक्स कार्डाला. गेम त्याच्यावरच चालतात. प्रोसेसर रायझन ५ ५६००, सहा कोअरचा, एएम-४ सॉकेटच्या मदरबोर्डावर (पुढं नुसतं बोर्ड म्हणतो) बसणारा. कार्ड आरएक्स ६६००, ८ जीबीचं. १०८०पी म्हणजे फुल एचडी स्क्रीनला हे पुष्कळ झालं. रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. एकच १६ ची घेतली तर अर्धा रस्ता बंद ठेवून गाडी हाकल्यासारखं होतं. गेम साठवायला एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, ५०० जीबी तरी पाहिजे. बोर्ड घेताना दुकानदाराकडून बायोस (बोर्डाला जागं करणारं त्याच्यातलंच सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या, जुना माल असला तर नवा प्रोसेसर ओळखतच नाही.

एवढेही पैसे नसतील तर ५६००जी घ्या. त्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे, हलके गेम चालतात, कार्ड पुढच्या दिवाळीला. साध्या ५६०० मध्ये ते नाही, कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. दोघांच्या नावात एका अक्षराचा फरक, तेवढ्यावर पोरं फसतात.

आता एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पॉवर सप्लायचा डबा. भाचा इथंच पैसे वाचवायला बघत होता. माझ्या दुकानातल्या बिलिंगच्या कॉम्प्युटरला मी एकदा कॅबिनेटबरोबर फुकट आलेला डबा वापरला होता. लाईट आली, फट् झालं, जाताना बोर्डही घेऊन गेला. तेव्हापासून मी वरचे वॉट बघत नाही, लेबलवरचे १२ व्होल्टसमोरचे अँपिअर बघतो. वर ४५० वॉट छापलंय आणि १२ व्होल्टला १६ अँपिअर असेल तर गुणाकार करा: १९२. तेवढ्याच कामाचा तो. आमच्या कार्डाला १३२ वॉट आणि प्रोसेसरला ६५ लागतात, बाकीचं धरून ३०० च्या आत भागतं. म्हणून ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का), नावाजलेल्या कंपनीचा घेतला. हजार-दीड हजार जास्त गेले. ते रंगीत पंख्यांतनं कापले. बेळगावची हवा थंड, पाण्याचा कूलर कशाला? प्रोसेसरच्या खोक्यात येतो तो पंखा बास.

घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडवर लाईट जाताच कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू होतो. वेगळा यूपीएस घेतला तर १००० व्हीए म्हणजे १००० वॉट नव्हे, साधारण ६०० धरा.

खरेदी कुठं? मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि बेंगळुरूचा एस. पी. रोड, दोन्ही आम्हाला सुमारे ५०० किलोमीटर. मुंबई का बेंगळुरू हा वाद आमच्याकडं नवा नाही, पण एसएमपीएस आणि बोर्ड मी गावातच घेतले. बिघडलं तर घेऊन उभं राहायला दार पाहिजे.

जोडणी माझ्या दुकानातल्या टेबलावर केली, आधी तांब्याचा चुरा झाडून. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर, सॉकेटची दांडी वर उचललेली, प्रोसेसर नुसता ठेवायचा. दाबायचा नाही, आपोआप बसतो. पिना वाकल्या तर रडायची वेळ. कूलरला उष्णता ओढणारी पेस्ट आधीच लावलेली असते. चार खाचा असतील तर रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, टक् आवाज येईपर्यंत. कॅबिनेटमध्ये बोर्ड बसवायच्या आधी मागची, केबल लावायच्या भोकांची पत्र्याची पट्टी लावा. आम्ही विसरलो, सगळे स्क्रू परत काढले. प्रोसेसरची वेगळी आठ पिनांची केबल बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात जाते, तीही पुष्कळ जण विसरतात.

पहिल्यांदा चालू केल्यावर पंखे फिरले, स्क्रीन काळी. भाच्याचा चेहरा उतरला. एचडीएमआय बोर्डाला लावली होती, ती कार्डाला लावायची. नंतर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगानं पळवणारं सेटिंग, चालू केलं, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगानंच पळते.

गावी नेताना कार्ड काढून वेगळं गुंडाळलं. जांबोटीच्या रस्त्यावर ते खाचेत लोंबकळत गेलं असतं तर खाचच तुटली असती. पावसाळ्यात रोज तासभर तरी चालू ठेव म्हणून सांगितलंय, आतल्या उबेनं ओल धरत नाही. त्या अटीवर भाचा लगेच खूश. बहिणीला सांगितलंय की उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओत. "आता याच्या खेळाला पाणीही मीच घालू काय?" म्हणाली. घालते मात्र.