परदेशातून परत आल्यावर ‘अस्सल’ शोधायला निघताय? आधी हे वाचा

बाहेर सात-आठ वर्षं काढून परत आलं की काही दिवसांतच एक खाज सुटते, आपलंच खरं काहीतरी बघायचं राहून गेलं असं वाटायला लागतं आणि मग माणूस बॅग भरून ‘टुरिस्टवालं नको, ऑथेंटिक दाखवा’ करत गावोगाव हिंडतो. मी पण हिंडलोय. फोटो भरपूर आले, बाकी हाताला फार काही लागलं नाही, म्हणून हे लिहितोय.

पहिलं म्हणजे आल्या आल्या निघू नका. तुमचं डोकं ठिकाणावर नसतं, आणि हे मी टोमणा म्हणून म्हणत नाहीये. १९५५ मध्ये लिसगार्ड नावाच्या नॉर्वेजियन अभ्यासकाने अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास करून सांगितलं की परक्या देशात आधी मजा वाटते, मग माणूस खचतो, मग हळूहळू रुळतो. इंग्रजी यू सारखा आलेख. १९६३ मध्ये गलाहॉर्न या अभ्यासक दांपत्याने त्याला पुढचा अर्धा भाग जोडला, की घरी परतल्यावर हेच सगळं पुन्हा एकदा होतं, म्हणून तो डब्ल्यू. सगळ्यांचं अगदी तसंच होतं असं नाही, नंतरच्या अभ्यासांत हा आलेख बऱ्याच जणांना लागू पडला नाही, पण परतल्यावरची घसरगुंडी मात्र खूप जणांनी अनुभवलेली असते. तर या घसरगुंडीवर असताना ‘मी आता इथला राहिलोच नाही’ असले मोठे निकाल लावू नका. त्याऐवजी रोज कशावर चिडलात ते एका ओळीत लिहा आणि पुढे खूण करा: हे बदललं, मी बदललो, की हे आधीपासून असंच होतं आणि मीच विसरलो होतो? माझ्या वहीत तिसऱ्या खुणाच जास्त निघाल्या, जरा लाजच वाटली.

आता प्रवास. डीन मॅककॅनेल या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक गोष्ट मांडली ती डोक्यात ठेवा: पर्यटकाला पडद्यामागचं बघायचं असतं हे कळलं की पडद्यामागचं म्हणून दाखवायला अजून एक स्टेज बांधलं जातं. म्हणजे तुम्ही जितकं ‘खरं दाखवा, खरं दाखवा’ कराल तितकं तुमच्यासाठी खास सजवलेलं खरं मिळेल, आणि त्यात समोरच्याची काही चूक नाही, त्याला पोट आहे.

यावर मला सापडलेला उपाय एकच. बघायला जाऊ नका, काहीतरी काम घेऊन जा. कोणाचं पार्सल पोचवायचंय, जुना कागद काढायचाय, काहीतरी दुरुस्त करून घ्यायचंय, काहीही चालेल. एकदा अनोळखी गावात माझ्या चष्म्याची दांडी तुटली, पार्ट यायचा होता म्हणून दुकानदाराने दोन तास स्टुलावर बसवून ठेवलं, आणि त्या दोन तासांत कोणाची उधारी थकलीय, कोणाचा मुलगा बाहेर जायचं म्हणतोय, कुठल्या बोळात पाणी तुंबतं हे सगळं कानावर पडलं. नाटक कोणी केलं नाही कारण मी प्रेक्षकच नव्हतो ना, चष्मा तुटलेलं गिऱ्हाईक होतो. (शिवाय नीट दिसतही नव्हतं, त्यामुळे फोटोचा प्रश्नच मिटला.)

ठिकाणं कमी करा, एकाच जागी चार दिवस राहा. ‘इथलं ऑथेंटिक काय आहे?’ हे विचारू नका, ‘तुम्हाला सुट्टी कधी असते, त्या दिवशी तुम्ही काय करता?’ हे विचारा. उत्तर मॉल आणि मोबाईल आलं तर तोंड वाकडं करायचं नाही, ते पण तितकंच खरं आहे. ‘पूर्वीसारखं राहिलं नाही हो’ असं निदान आपण तरी म्हणू नये, आपण स्वतः चांगल्या पगारासाठी उठून गेलो होतो, मग मागे राहिलेल्यांनी तुमच्या आठवणी सांभाळत बसायचं का?

‘तिकडे ना असं असतं’ हे वाक्य दिवसातून एकदाच. कोटा ठरवून घ्या, सिरीयसली.

‘मी नक्की कुठला’ या प्रश्नाला मात्र एकच उत्तर शोधत बसू नका, त्याचे तुकडे करा. परक्या संस्कृतीत माणूस कसा रुळतो याबद्दलची जॉन बेरी या मानसशास्त्रज्ञाची मांडणी दोन प्रश्नांवर उभी आहे, स्वतःचं किती टिकवायचंय आणि तिकडच्यांशी किती मिसळायचंय. हे दोन प्रश्न सगळ्या आयुष्याला एकदम न लावता भाषा, जेवण, पैसा, नाती, वेळ पाळणं असे वेगवेगळे लावून बघा. पैशाच्या बाबतीत मी पूर्ण तिकडचा झालोय, भांडताना पूर्ण इकडचा आहे, आणि वेळेच्या बाबतीत कोणाचाच नाही. भाषेचं तर अजून गमतीशीर, आपण ज्या वर्षी बाहेर गेलो त्या वर्षाची बोली आपल्या तोंडात गोठून राहते, पोरं हसतात तेव्हा कळतं. हसू द्या, आणि नवीन शब्द त्यांनाच विचारा.

अजून एक, हे सहसा कोणी करत नाही. जिथे राहत होतात त्या परदेशातल्या गावात एकदा पाहुणा म्हणून जाऊन या. मी गेलो होतो. जुन्या घराच्या खिडकीत दुसऱ्याचे पडदे होते. कोपऱ्यावर एकाने मला पत्ता विचारला, मी अगदी रुबाबात अमुक नंबरची बस पकडा म्हणून सांगितलं, आणि तो गेल्यावर स्टॉपवरचा बोर्ड वाचला तर त्या नंबरची बसच बंद झाली होती.