डिस्चार्ज बुकात मेडलची नोंद राहिलीय? मग असं करा

आधी ट्रंक उघडा. फौजी माणसाच्या घरात ती काळी लोखंडी ट्रंक असतेच, तिच्यात तळाला कुठंतरी डिस्चार्ज बुक, म्हणजे नोकरी संपताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक असतं, ते काढा आणि मेडलचं पान बघा. बऱ्याच जणांनी घरी आल्यापासून ते पान उघडलेलंच नसतं, पेन्शन चालू झाली, कॅन्टीनचं कार्ड मिळालं, विषय संपला. मग कधीतरी २६ जानेवारीला शाळेत बोलावणं येतं, छातीला मेडलं लावायची वेळ येते आणि तेव्हा लक्षात येतं की आपल्याबरोबर खंदकात बसलेल्या माणसाकडं चार आहेत आणि आपल्याकडं तीनच.

मी पलटणीत क्लार्क होतो त्यामुळं खरं ते सांगतो, नोंद राहते ती बहुतेक वेळा आम्हा क्लार्क लोकांच्या हातून. जवानाची पोस्टिंग होते, किंवा ऑपरेशन चालू असताना तो अटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरता, तिसऱ्याच युनिटला असतो, आणि मेडल जाहीर होतं नंतर. तेव्हा जुन्या युनिटला वाटतं नवीन युनिटनं पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदी ज्यावरून होतात तो युनिटचा लेखी आदेश) काढली असेल, नव्याला वाटतं जुन्यानं काढली असेल, आणि कुणीच काढत नाही. पार्ट टू ऑर्डर नाही तर शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या नोकरीच्या मूळ नोंदपत्रावर, एंट्री नाही, आणि शीट रोलवर नाही ते डिस्चार्ज बुकात कुठून येणार? काही जण तर मेडल जाहीर व्हायच्या आतच घरी आलेले असतात, त्यांचं बुक तेव्हाच बंद झालेलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं, "मला मेडल द्या" असा अर्ज करू नका, "माझी नोंद राहिलीय ती घ्या" असा करा. दोन्हीत फरक आहे बरं का. मेडल द्या म्हटलं की वाचणाऱ्याला ते मागणं वाटतं. नोंद राहिलीय म्हटलं की त्याला जुनी कागदं काढून बघावीच लागतात. लढाईची कहाणी लिहू नका, किती बर्फ होतं आणि कोण कोण गेलं ते घरच्यांना सांगा. जवानांची कागदं सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसच्या क्लार्कला दोनच गोष्टी लागतात, कुठल्या तारखेला कुठल्या युनिटमध्ये होता, आणि ते युनिट तेव्हा कुठं होतं.

हे सगळं चालतं ते सर्व्हिस मेडलला, म्हणजे ठराविक काळात किंवा ठिकाणी नोकरी केली म्हणून मिळतं त्याला. वीर चक्र, सेना मेडल असली शौर्याची पदकं अर्ज करून मिळत नाहीत, तिथं त्या वेळची शिफारस आणि मंजुरी लागते, नाव भारताच्या राजपत्रात छापून येतं. पण राजपत्रात नाव आहे आणि बुकात नाही असं असेल तर मात्र काम सोपं, त्या राजपत्राची कॉपी लावा.

आता आपला हक्क कशावर आहे ते कसं ओळखायचं? एका कागदावर भरतीपासून डिस्चार्जपर्यंत वर्षवार लिहून काढा, वर्ष, युनिट, जागा. आठवत नसेल तर जुनी पत्रं बघा, लग्नाच्या सुट्टीची तारीख आठवा, सोबतच्या माणसाला फोन लावा. मग त्यावर मेडलच्या तारखा बसवून बघा. १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत होता तर स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल लागू, १५ ऑगस्ट १९९७ ला होता तर पन्नासाव्याचं, मग पोस्टिंग कुठं का असेना. १९७१ च्या लढाईच्या संग्राम मेडलची मुदत ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ अशी लांब आहे, पण ते ठराविक भागांत असणाऱ्यांनाच लागू. पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार त्याच लढाईचे, त्यांना प्रत्यक्ष लढाईच्या पट्ट्यात असावं लागतं, पूर्वी बांगलादेशच्या बाजूला, पश्चिमी पाकिस्तान बॉर्डरला. १९६५ वाल्यांनी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल दोन्ही तपासा, मुदत मोजली जाते ५ ऑगस्ट १९६५ पासून. नऊ वर्षांचं, वीस वर्षांचं सर्व्हिस मेडल तर लोक विसरूनच जातात.

एक गंमत सांगतो, पण तिच्यामुळं अर्ज परत येऊ शकतो. १९६१ ला गोवा घेतला ते ऑपरेशन विजय आणि १९९९ चं कारगिल तेही ऑपरेशन विजय. ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल हे कारगिलचे. गोव्याला गेलेल्या माणसाच्या नातवानं नुसतं "ऑप विजयचं मेडल" असं लिहून पाठवलं तर समोरचा डोकं खाजवत बसेल. वर्ष लिहाच.

अर्ज जातो तो आपल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला. पलटणीला नाही, मंत्रालयाला तर नाहीच. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं (इंजिनिअर्सचं) खडकीला. नेव्हीच्या सेलरचं मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सला आणि एअर फोर्सवाल्यांचं दिल्लीला सुब्रतो पार्कमध्ये. पेन्शननंतर डीएससी, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमधली नोकरी, केली असेल तर मात्र जपून, तुमची कागदं कन्नूरला डीएससी रेकॉर्डला गेलेली असू शकतात, तेव्हा पत्र दोन्हीकडं टाका आणि दोन्ही नोकऱ्यांचे नंबर लिहा.

पत्र एक पानाचं पुरे. सर्व्हिस नंबर (शेवटच्या अक्षरासकट, ते लोक गाळतात आणि तिथंच घोळ होतो), रँक, बुकात आहे तसंच नाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, मेडलचं नाव, त्या मुदतीतलं युनिट आणि जागा. शेवटी सरळ तीन गोष्टी मागा, पार्ट टू ऑर्डर काढावी, डिस्चार्ज बुकात नोंद करावी, आणि मेडल दिलं गेलं नसेल तर ते द्यावं. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, पीपीओ (पेन्शनचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र. सोबतच्या जवानाच्या बुकात त्याच युनिटची त्याच मेडलची नोंद असेल तर त्याला विचारून त्या पानाचीही झेरॉक्स लावा, माझ्या अनुभवात सगळ्यात वजनदार कागद तोच. ओरिजिनल बुक पाठवू नका!! नोंदीसाठी मागितलं तरच द्या, तेही सगळी पानं झेरॉक्स करून आणि पोच घेऊन. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून, म्हणजे आपल्या सैनिक बोर्डातून, फॉरवर्ड करून घेतला तर बरं, नाहीतर स्पीड पोस्टानं टाका आणि पावती बुकातच ठेवा. यात एजंट लागत नाही, कुणी पाच हजार मागितले तर चहा पाजून वाटेला लावा.

नावात किंवा जन्मतारखेत फरक असेल तर तो अर्ज वेगळा करा. मेडल, बायकोचं नाव, जन्मतारीख असं सगळं एका पत्रात घातलं की ते पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतं आणि कुणाचंच होत नाही.

उत्तर आलं नाही तर एक स्मरणपत्र, आणि मग आरटीआय. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याकडं शीट रोलची आणि मेडलच्या पार्ट टू ऑर्डरची कॉपी मागा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कधी कधी असं निघतं की नोंद तिकडं आहे आणि फक्त बुकात उतरायची राहिली, मग काम झालंच म्हणा. वाईट बातमी म्हणजे पेन्शन न मिळालेल्या जवानांची कागदं पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. तरी लाँग रोलमध्ये, म्हणजे भरती झालेल्यांच्या नोंदवहीत, नाव राहतं, भरती आणि डिस्चार्जची तारीख तिथून निघते, पंचविसाव्या वर्षाच्या मेडलला तेवढंही कामाला येतं. लेखी नकार आला तर मुंबईला आर्म्ड फोर्सेस ट्रिब्यूनल, म्हणजे फौजींच्या तक्रारींचं न्यायाधिकरण, आहे, तिथं सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, पण वकिलाकडं जायच्या आधी सैनिक बोर्डातल्या साहेबांना तो नकार वाचून दाखवा.

जवान हयात नसेल तर पत्नीनं अर्ज करावा, सोबत मृत्यूचा दाखला आणि फॅमिली पेन्शनचा पीपीओ. मुलानं स्वतःच्या सहीनं केलेले अर्ज अडकतात, जवानाची पत्नी हयात असेल तर सही तिचीच घ्या, अंगठा असला तरी चालतो, साक्षीदार ठेवा.

आणि मेडल हातात आलं की लगेच डबीत घालून कपाटात ठेवू नका. त्याच्या कडेला बहुतेक वेळा बारीक अक्षरात नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं, भिंग घेऊन वाचा. चुकलं असेल तर त्याच आठवड्यात कळवा, पत्रावर आधीच्या पत्राचा नंबर टाकून.